शिरस्तेदारअण्णांचा निकाल

समाजाची खोली त्याच्या शब्दसंपत्तीवरून मोजावी, असं थोर लोक सांगतात. त्या मापाने आमची आळी फारच खोल होती, आणि ती सगळी खोली एकट्या शिरस्तेदारअण्णांच्या तोंडात होती. कोर्टात जन्मभर दुसऱ्यांचे निकाल ऐकलेले अण्णा पेन्शनीत गेल्यावर स्वतःच निकाल देऊ लागले. फक्त कॉफीवर.

इतरांची कॉफी कडक असे किंवा पाणचट. अण्णा बशीतून घोट घेत, डोळे मिटत आणि शब्द सोडत. पुडीचा नुसता वास लागलेली ती ‘सोवळी’. तळाशी गाळ उरला तर ‘खाडीची’. साखर जास्त झाली की ‘सावत्र आईची’. “इतका गोडवा उगाच नसतो,” म्हणायचे. एका रावसाहेबांनी चांदीच्या पेल्यातून दिली, तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, “पेला उत्तम आहे.”

अण्णांचा शब्द संध्याकाळपर्यंत गावभर होई. माझ्या ताईच्या कॉफीला त्यांनी एकदा ‘सोवळी’ म्हटलं आणि दापोलीचं स्थळ परत फिरलं. त्यामुळे पावसची मंडळी तिला पाहायला आली, तेव्हा मुलाच्या वडिलांचे जुने स्नेही म्हणून सोबत अण्णांना बघून आई तडक स्वयंपाकघरात पळाली. ताईला तर हा मुलगा मनापासून हवा होता. जत्रेत पाहिला होता तिने.

आईने कॉफीत जायफळ किसलं. ते माहीत नसल्याने काकूने किसलं. दोघी विसरल्या असतील म्हणून ताईने किसलं.

अण्णांनी घोट घेतला, डोळे मिटले. शब्द येईना.

“वहिनी, आणखी एक कप आणा. प्रकरण साधं नाही.”

दुसरा कपही संपला. आरामखुर्चीत अण्णांचे डोळे मिटलेलेच. मग घोरणं ऐकू आलं. जायफळाने झोप येते, हे आमच्याकडे तान्ह्या मुलांनाही अनुभवाने ठाऊक असतं.

मुलाचे वडील मात्र भारावले. “अण्णांना नाव ठेवायला जागा सापडत नाही, हे आजच बघतोय हो!” म्हणाले, आणि साखरपुड्याचंच बोलू लागले.

“अगो, भांडी वाजवू नको!” आई आतून काकूला दटावत होती.

दिवेलागणीला अण्णा जागे झाले. “कॉफी यायची आहे ना अजून?” त्यांनी विचारलं. तोवर लग्नाच्या याद्या झाल्या होत्या.

पुढे अण्णा बोटीने आपल्या मुलाकडे मुंबईला गेले आणि तिकडेच वारले. आळीतल्या कॉफ्या निनावी झाल्या. ताईचा संसार पावसला सुखाचा झाला. त्या घरात चहा पितात.