धुऊन गेलेला शिक्का

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एका दुपारी मी तुरुंगात कैद्यांच्या रांगेत उकिडवा बसलो होतो. कुणी गुन्हा लावला नव्हता. बस म्हणाले, बसलो.

तुरुंगाचं नाव इथं लिहीत नाही. चौकशी सुरू आहे, तिथं घेईन.

मी डॉक्टर. वर्ध्याकडच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो आणि कैद्यांच्या आरोग्यावर संशोधन करतो. त्या दिवशी आमचे विभागप्रमुख आणि मी कैदी तपासायला गेलो होतो. त्यांना मी आजही सर म्हणतो. सवय. आत शिरताना फाटकावर मनगटावर जांभळ्या शाईचा शिक्का मारतात. बाहेर पडताना तो दाखवायचा. शिक्का नाही, तर तुम्ही आतले.

बरॅकमध्ये खरूज पसरलेली. बोटांच्या बेचक्यांत, काखेत, जांघेत. एक माणूस हातानं तपासायचा, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, मग पुढचा. सकाळपासून मी हेच करत होतो. सर खुर्चीवर बसून होते. कुणाला हात लावला नाही त्यांनी.

फाटकावर आलो. सरांचा शिक्का ताजा. माझं मनगट कोरं.

"नाव?" हवालदारानं विचारलं.

सांगितलं.

"पवार? कोणते पवार?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. आयुष्यभर त्यावर गप्प राहून मी वेळ मारून नेली होती. लोक त्यांच्या सोयीचे पवार समजायचे. मी समजू द्यायचो. तेव्हाही गप्प राहिलो. उत्तर सरांनी दिलं.

"पारधी आहे. नीट तपासून सोडा."

हवालदार हसला. सर हसले. मीही हसलो.

सर अधीक्षकांकडे चहाला गेले. हा माझ्याबरोबरचा डॉक्टर आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. नाही म्हटलं. हवालदार माझ्या पांढऱ्या कोटाकडे बघून म्हणाला, "कोट तं कोनीबी घालते. गिनती होऊ दे, जुळली की जाजो. चाल, जोडीत बस."

तुरुंगात माणसं जोडीजोडीनं बसवून मोजतात. माझी जोडी लागली देवरावशी.

देवराव जाम गावाकडचा, आमच्याच समाजाचा. चोरीच्या संशयावरून धरलेला, खटला अजून उभा राहायचा होता. सकाळी मीच त्याची छाती तपासली होती. डावीकडे वरच्या बाजूला आवाज बिघडलेला. थुंकीत रक्त. अंगावर मांस राहिलेलं नव्हतं. क्षय. जाताना इथल्या डॉक्टरांना सांगतो, ते थुंकी तपासायला पाठवतील, औषध सुरू होईल, असं मी त्याला हळूच आमच्या पारधी भाषेत सांगितलं होतं. कित्येक वर्षांनी ती भाषा तोंडात आली होती.

आता तो बसल्या बसल्या बोलला. "साहेब, हा डॉक्टर हाये. मले यानंच पाह्यलं सकाळी."

"तुले इचारलं का?" हवालदारानं त्याच्या पाठीत काठी घातली. "बेड्यावरचा हाये म्हनून लय पुळका येऊन राह्यला."

देवराव वाकून खोकत राहिला. मी तोंड फिरवलं. एवढंच नाही, त्याच्यापासून जरा सरकून बसलो. लहानपणी आमच्या बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, पोलीस यायचे. कुठंतरी चोरी झालेली असायची. बायकापोरांना असंच बसवून मोजायचे आणि बापाला घेऊन जायचे. त्या बसण्यातून सुटायला मी डॉक्टर झालो होतो.

गिनती जुळली. मला सोडलं. वाटेत तुरुंगाच्या डॉक्टरांची खोली होती. दार उघडं होतं, ते आत बसलेले दिसत होते. मी थांबलो नाही. मला बाहेर पडायचं होतं, बस्स. उद्या फोन करू म्हटलं. केला नाही. त्या तुरुंगाचं नाव काढलं की सर हसतील, ही भीती. मग सरांनी अहवालात लिहिलं की त्वचारोग सोडता गंभीर आजार आढळला नाही. पुढच्या संशोधनाची परवानगी मिळायला ते बरं होतं. खाली मी सही केली.

देवराव तुरुंगातच मेला.

तुरुंगात माणूस मेला की चौकशी होते. ही रेंगाळली. दरम्यान सरांना तो किस्सा फार आवडायला लागला. कुठंही जेवणाची पंगत असो. "आमच्या पवारांना तर ठेवूनच घेणार होते!" लोक हसायचे. मी ताटात बघून हसायचो.

गेल्या महिन्यात देवरावची बहीण सिंदी मेघेला माझ्या घरी आली. जामच्या चौकात थांबणाऱ्या गाड्यांजवळ कंगवे, खेळणी विकते. आत ये म्हटलं तर पायरीवरच बसली.

"तूच होता ना भाऊ, त्याच्या जोडीले?"

"हो."

"भेटीत सांगे तो मले. म्हने, आपल्यातला डॉक्टर भेटला, आता दवाई सुरू होते. लय खूश होता." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मंग काऊन नाई आली दवाई?"

"मी सांगतलंच नाई कोनाले," मी म्हणालो.

ती पायरीवरून उठली. मग म्हणाली, "रडू नोको. तुह्या रडण्याचं मी काय करू? चौकशीवाले बलावतीन तवा हेच सांगजो."

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं की चौकशीत मी देवरावच्या छातीबद्दल बोलणार आहे. सर चिडले नाहीत. फाईल बंद करून म्हणाले, "ते विचारतील, तेव्हाच का नाही सांगितलंस. मग कैद्यांत बसवलं होतं तेही निघेल. पेपरात येईल. तुझी मुलं वाचतील, पवार. शोभा होईल."

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो किस्सा म्हणजे माझ्या गळ्यातलं दावं होतं. दर पंगतीत सर ते ओढून बघायचे, घट्ट आहे ना.

"तुम्ही कशाला त्रास घेता सर," मी म्हणालो. "मीच छापतो."

म्हणून हे लिहिलं. आता माझ्याबद्दल सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नाही. त्यांच्याबद्दल माझ्याकडे आहे.

मला सूड हवा आहे. त्याला दुसरं चांगलं नाव देणार नाही. चौकशीच्या खोलीत त्यांना बसलेलं बघायचं आहे. देवरावचं नाव घेऊन कुणीतरी विचारावं, या माणसाला तुम्ही हात लावला होता का? आणि माझ्यादेखत त्यांनी नाही म्हणावं. हवालदारानं काठी कुणाच्या पाठीत घातली, तेही मी सांगणार. त्याच खोलीत माझी सहीही निघेल, हे मला माहीत आहे. नोकरी जाईल, कदाचित डॉक्टरकीही जाईल. जाऊ दे. एकटा बुडणार नाही.

देवरावचं औषध राहून गेलं, ते आता कधीच देता येणार नाही. त्याच्या बहिणीला मी एक साक्ष देणं लागतो. ती अजून दिलेली नाही.