टाचलेली दोन कार्डे

सोमवारी सकाळी नऊ वाजता सांगलीहून ताईच्या शेजारणीचा फोन आला. ताई गेली होती. मी साताऱ्याहून एसटी पकडली आणि दुपारी तिच्या दारात पोहोचलो.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. सांगलीच्या कॉलेजात इतिहास शिकवून ती निवृत्त झाली होती. भावजी आधीच गेलेले, मूलबाळ नव्हते. मी साताऱ्यात ग्रंथालयात नोकरी केली. दर रविवारी आमचा फोन व्हायचा आणि त्यात बहुधा पुस्तकांचेच बोलणे असायचे.

तेराव्यानंतर तिच्या खोल्या आवरायला मी मागे राहिलो. संगणक सुरू केला तर एका संशोधन पत्रिकेची मेल उघडीच होती. लेख स्वीकारला आहे, संदर्भसूची सोबतच्या नियमांप्रमाणे करून महिन्याच्या आत पाठवावी, अन्यथा लेख घेता येणार नाही. मेल येऊन सोळा दिवस झाले होते. ताई गेल्याचे मी कळवले. संपादकांनी दोन ओळींत दुःख व्यक्त केले आणि तिसऱ्या ओळीत मुदत तीच राहील असे लिहिले. त्यांचा राग आला नाही. मीही आयुष्यभर मुदत संपलेली पुस्तके परत मागत आलो होतो.

लेख हळदीच्या पेवांवर होता. पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीत खोल खणलेली कोठी. सांगलीजवळ हरिपूरला अशी पेवे पुष्कळ होती, महापुरानंतर बरीचशी गेली. पेवात फक्त गडी उतरत, असे सगळे सांगतात. ताईचे म्हणणे होते की आतून सारवायला बायकाही उतरत. त्यासाठी तिच्याकडे दोन साक्षी होत्या. एका हरिपूरच्या बाईची आणि एका कोरेगावकडच्या बाईची, जी लहानपणी आईबरोबर हळदीच्या कामाला सांगलीला येत असे. दोन तालुक्यांतल्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या दोन बायका एकच गोष्ट सांगतात, यावर लेखाचा अर्धा भाग उभा होता.

तिचे संदर्भ लग्नपत्रिकांच्या कार्डांवर होते. आलेली प्रत्येक पत्रिका ती कात्रीने चौकोनी कापून ठेवायची आणि कोऱ्या बाजूवर लिहायची. त्यामुळे एखाद्या गॅझेटिअरचा पृष्ठक्रमांक शोधताना मागे कुणाचा तरी गोरज मुहूर्त दिसायचा.

मी कामाला लागलो. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नावाचे आद्याक्षर, कंसात वर्ष. पुस्तकाचे नाव तिरप्या अक्षरांत, लेखाचे सरळ. सकाळी अकरा कार्डे, दुपारी जेवून पुन्हा अकरा. त्यात काही वाटण्याचा प्रश्न येत नव्हता, आणि ते बरे होते.

ताईचे स्वतःचेही दोन जुने लेख सूचीत होते. पहिला लग्नाआधीचा. भावजींच्या घरी तिचे नाव बदलले, आडनाव तर बदलतेच. पहिल्या लेखाच्या कार्डावर तिने लाल शाईने लिहून ठेवले होते : ‘हीही मीच.’ सूचीत मात्र ती दोन वेगळ्या अक्षरांखाली, एकमेकींपासून बरीच लांब गेली. नियमांत त्याला उपाय नव्हता.

मुलाखतींसाठी नाव, वय, गाव आणि दिवस हवा होता. हरिपूरच्या बाईच्या कार्डावर वय नव्हते. म्हणून मी रिक्षाने तिच्या घरी गेलो. म्हातारी ओट्यावर लसूण सोलत होती. मी कोण ते सांगितले.

“ती चष्मेवाली? गेली?” तिने हातातली पाकळी खाली ठेवली. “लय विचारायची बाई. उतरायच्या आधी काय, उतरल्यावर काय. म्या म्हनलं, तूच उतर की एकदा.”

“पेवात खरंच उतरत होता तुम्ही?”

“आवं, उतरत न्हाई तर काय, सारवान आभाळातनं पडतंय? गडी सारिवत्यात व्हय कवा? आदी कंदील सोडायचा. कंदील इजला म्हंजी आत हवा खराब, वर बसायचं. न्हाई इजला की आमी खाली.”

मी वय विचारले. तिने सुनेकडे पाहिले, सुनेने आधार कार्ड आणले.

“पन म्या काय हितंच शिकली न्हाई,” ती म्हणाली. “परकरात हुती तवापासनं. आमची आय कोरेगावाकडनं हळदीला घिऊन यायची मला.”

मी माहेरचे गाव विचारले. तिने सांगितले. माहेरचे नाव विचारले.

“ते आनी कशाला?”

“छापायचं आहे.”

तिने तेही सांगितले. माझ्या पिशवीत दुसरे कार्ड होते. त्यावर तेच गाव होते आणि तेच नाव.

दुसरी मुलाखत ताईने स्वतः घेतलेली नव्हती. ती तिच्या एका विद्यार्थिनीच्या वहीतून आली होती. ती मुलगी आता कोरेगावला शाळेत शिकवते. मी तिला फोन केला.

“काका, ती आजी पंचमीला भावाकडं आली होती,” ती म्हणाली. “माहेरी सगळे तिला त्याच नावानं हाक मारत होते. मी तेच लिहिलं. सासरचं नाव विचारायचं सुचलंच नाही.” मग तिने विचारले, “मॅडमना कळलं होतं का हे?”

मी म्हणालो, नसावे. वहीतले नाव वेगळे, गाव वेगळे. ताईने दोन कार्डे केली. माझ्याही हातून ती दोन अक्षरांखाली नीट बसली होती.

मुदतीला पाच दिवस होते. कुणाला कळणार नव्हते. सूची नियमाप्रमाणे बिनचूक होती, आणि पत्रिकेने माझ्याकडे तेवढेच मागितले होते. साक्ष एकच आहे असे कळवले तर अर्धा लेख जाईल, कदाचित सगळाच. हा तिचा शेवटचा लेख होता. मी तीन दिवस काही केले नाही. स्वल्पविराम पुन्हा तपासले.

चौथ्या दिवशी मी लाल शाईचे ते कार्ड पुन्हा काढले. मग संपादकांना लिहिले की या दोन स्त्रिया एकच आहेत, एक नाव माहेरचे आणि एक सासरचे.

लिहिण्याआधी त्याच सकाळी हरिपूरला जाऊन म्हातारीला विचारले होते, कोणते नाव घालू.

“हितलंच घाला,” ती म्हणाली. “भाऊ गेला औंदा. तितल्या नावानं हाक मारनारं आता कोन न्हाई.” आणि लसणाची साले परातीतून फुंकून टाकत म्हणाली, “आनी सारवान गडी करत न्हाईत, ते बी घाला. न्हाईतर इसरशीला.”

संपादकांचे उत्तर दोन दिवसांनी आले. एका साक्षीवर एवढे विधान करता येणार नाही. तो भाग काढावा लागेल, तळटीप ठेवता येईल. मी नऊ पाने काढली आणि पाच ओळींची तळटीप लिहिली. ताईने ती कशी लिहिली असती याचा विचार करत लिहिली, पण वाक्ये माझीच झाली.

लेख छापून आला. ताईच्या नावाभोवती चौकट आहे. म्हातारीचे नाव तळटीपेत आहे, आधी आडनाव, मग स्वल्पविराम. सांगलीची जागा रिकामी केली. कार्डांचा डबा साताऱ्याला माझ्या कपाटात आहे. त्यातली दोन कार्डे मी एकत्र टाचली आहेत, आणि त्यांवर लाल शाईने काही लिहिलेले नाही.