डाव्या बाजूचा ब्रेक

बिबवेवाडीत उत्तरेश्वरांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. दारावर पाटी आहे, ‘येथे गाडी शिकवतात. घाई असणाऱ्यांनी रिक्षा करावी.’ शिकवणीच्या गाडीत डावीकडेही क्लच आणि ब्रेक असतो. त्या डाव्या सीटवर या माणसाची बावीस वर्षं गेली. पुण्यातल्या अर्ध्या पादचाऱ्यांचे प्राण आपल्या पायानं वाचवले आहेत, अशी त्यांची समजूत होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. शिकाऊ माणसानं कितीही झकास गाडी चालवली, तरी त्यांचं उत्तर ठरलेलं असे, “आणखी आठ दिवस लागतील.”

त्यांच्या बायकोला, मुक्ताईला, लायसन्स मिळून अकरा वर्षं झाली होती. तिचे आठ दिवस काही संपत नव्हते.

अशात मुक्ताईच्या भावाला, जयसिंगला, लग्नानंतर चौदा वर्षांनी मुलगी झाली. बारसं रविवारी संध्याकाळी पाच वाजता, बार्शीच्याही पुढे, मुरूडच्या पलीकडच्या गावी. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मुक्ताईनं चौदा वर्षं ते नाव मनात जपलं होतं, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात उत्तरेश्वरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि गाडी चालवायला बंदी घातली.

“एसटीनं जाऊ,” मुक्ताई म्हणाली.

“त्या ड्रायव्हरला मी शिकवलेलं नाही.”

“मग मी चालवते. मला तर तुम्हीच शिकवलंय.”

त्यांनी गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली. रविवारी सकाळी सहाला ती दोघं निघाली. मुक्ताई स्टिअरिंगवर, उत्तरेश्वर आपल्या हक्काच्या डाव्या सीटवर.

हडपसरपर्यंत त्यांनी अकरा वेळा ब्रेक दाबला. त्यातल्या दोन वेळा समोर खरोखर काहीतरी होतं. सोलापूर रस्ता गुळगुळीत आणि मोकळा, पण काळ्या चष्म्यातून झाडाची सावलीही म्हैस दिसते. मुक्ताई ओरडली, की ते “बरं” म्हणत आणि पाय उचलत. पाच मिनिटांनी तो पाय पुन्हा पेडलवर, हलकाच, नुसता आधाराला. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून पुढे जात होते. एक ट्रॅक्टरही पुढे गेला.

टेंभुर्णीहून आत वळल्यावर रस्त्याची कळाच गेली. खड्डे, मग खडी, मग खडी पसरलेले खड्डे. “गाडी जड चाललीय हो,” मुक्ताई सारखी म्हणत होती. बार्शी ओलांडली आणि चाकांतून जळका वास यायला लागला. मग धूर. दोन वाजून गेले होते.

तेवढ्यात फोन वाजला. चुलतबहीण चंपा. “आक्का, सावकाश या. न्हाईच जमलं तर मी हाय की. नवी साडी बी नेसलेय. नाव पण ठरवलंय.”

मुक्ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. चौदा वर्षं वाट पाहायची आणि चंपानं नाव ठेवायचं! तिला रडू आवरेना.

कोपऱ्यावर सुखदेव नावाच्या मेकॅनिकचं गॅरेज होतं. त्यानं चाकं पाहिली. “ताई, ब्रेक तापल्यात. सारखा पाय ठिवता का?”

“मी? मी तर ब्रेकला शिवतही नाही!”

सुखदेवनं गाडीत डोकं घातलं. डावीकडचं पेडल पाहिलं, त्यावरचा बूट पाहिला, मग वर काळा चष्मा पाहिला.

“गाडीला काय बी झालं न्हाय. अर्धा तास थंड हुंद्या. आन् ह्यास्नी मागं बसवा.”

बावीस वर्षांत उत्तरेश्वर मागच्या सीटवर कधी बसले नव्हते. शिकाऊ माणूस गाडी चालवत असताना जो डोळा मिटतो, तो पुन्हा उघडत नाही, असं ते प्रत्येक बॅचला सांगत. आता मुकाट्यानं मागे जाऊन बसले, आणि मुक्ताईनं गाडी अशी हाणली की येडशी कधी आली ते कळलंच नाही. पुढे पुलाचं काम निघालं होतं. गाड्या खाली ओढ्यातून सोडल्या होत्या. पुढची जीप चिखलात फसली. मुक्ताईनं थांबून पाहिलं, पहिला गिअर टाकला, आणि बाजूनं दगडांवरून एका दमात गाडी वर काढली. मागून आवाज नाही. तिनं वळूनही पाहिलं नाही.

पाचला दहा मिनिटं असताना गाडी दारात उभी राहिली. चंपा पाळण्याजवळ पदर सावरून तयार होती. तिला बाजूला सरावं लागलं. मुक्ताई वाकली, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि चौदा वर्षं जपलेलं नाव त्या इवल्या कानात गेलं, राजनंदिनी. जयसिंग रडला. मुक्ताई तर रडतच होती.

मग जयसिंगनं डोळे पुसत विचारलं, “दाजी, आक्का गाडी शिकली म्हणायची का आता?”

उत्तरेश्वरांनी सवयीनं तोंड उघडलं. “आणखी आठ…” मग थांबले. चष्मा काढून पुसला. “मला काय विचारता? मी बार्शीपासून झोपलो होतो.”

मुक्ताई चकित झाली. तोंड गोड करायला म्हणून तिनं गाडीत मागच्या सीटपुढे, पायाशी ठेवलेला पेढ्यांचा डबा आणला. डबा चपटा झाला होता. झाकणावर उजव्या बुटाचा ठसा, आतल्या सगळ्या पेढ्यांची मिळून एक वडी.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

“सुरी आण गं चंपा,” ती म्हणाली, आणि वडी कापून सगळ्यांना वाटली. मोठा तुकडा त्यांना दिला.