स्प्रे ठेवायचा कुठे?

माझ्या सासूबाई, सरलाबाई, तीस वर्षं कराडच्या शाळेत शिवणकाम शिकवत होत्या. सासरे गेल्यावर आम्ही त्यांना जर्मनीत, झिंडेलफिंगेनला आणलं. खोटं कशाला बोलू, माझ्याच सोयीसाठी. माझा नवरा रुपेश गाड्यांच्या कारखान्यात, मी सॉफ्टवेअर कंपनीत. मग आमच्या पाच वर्षांच्या इराला किंडरगार्टनला नेणार-आणणार कोण? साडीवर जाडा कोट चढवून आई रोज निघायच्या. त्या मराठीत बोलायच्या, इरा जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघींचं छान जमायचं.

२००७च्या नोव्हेंबरात भरदुपारी, इराला घेऊन येताना, एका सायकलवाल्याने आईंची पर्स हिसकावून नेली. कुणाला खरचटलंही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून आईंनी इराला न्यायचं बंद केलं. "मला नाही जमायचं," एवढंच म्हणायच्या. आठवड्याने म्हणाल्या, "माझं तिकीट काढा, मी कराडला जाते." मी हादरलेच. त्या गेल्या असत्या तर माझी नोकरीही गेलीच असती.

रुपेशने शिकारीचं सामान मिळतं त्या दुकानातून मिरचीचा स्प्रे आणला. इथे तो जनावरांपासून बचावासाठी म्हणून विकतात, म्हणून डब्यावर कुत्र्याचं चित्र.

"माझी पर्स काय कुत्र्याने नेली?" आई म्हणाल्या. पण डबा हातात घेऊन त्यांनी उलटासुलटा करून पाहिला.

सरावासाठी नुसतं पाणी भरलेला तसाच एक डबा मिळाला होता. रविवारी सकाळी हॉलमधली खुर्ची सरकवून आम्ही जागा केली. मी चोर.

"पर्समध्ये ठेव," रुपेश म्हणाला.

"वा रे शहाण्या! म्हणजे चोर पर्सबरोबर तोही नेणार."

कोटाच्या खिशात ठेवला, तर हातमोजा खिशाच्या झाकणात अडकला. मी आरामात दोन पावलं पुढे गेले तरी डबा बाहेर येईना. मग आईंनी तो कनवटीला लावला. कराडच्या बाजारात पैसे तिथेच असायचे त्यांचे. "इथून कुणाची छाती आहे काढायची?" खरंच नव्हती, पण कोटाची चार बटणं काढल्याशिवाय त्यांचा स्वतःचाही हात तिथे पोचत नव्हता. रुपेश हसून हसून खुर्चीत बसला. शेवटी आईंनी सुई-दोरा काढला, कोटाच्या उजव्या बाजूला बाहेरून बिनझाकणाचा उभा खिसा शिवला, वरून त्याच कापडाची पट्टी. कुणाला कळणार नाही, आणि हात सरळ आत. मी आले की डबा बाहेर! पाच वेळा केलं, पाचही वेळा माझ्या नाकावर पाणी.

"गेनाऊ! अगदी अस्संच!" रुपेश ओरडला.

"आता इराला घेऊन करू," मी म्हणाले. आईंनी उजव्या हातात तिचा हात धरला. मी धावत आले. त्यांनी डबा काढला, बरोब्बर माझ्या तोंडावर पाणी मारलं, आणि तशाच उभ्या राहिल्या. इरा बाजूला एकटीच उभी होती.

आईंनी तिच्या मोकळ्या हाताकडे पाहिलं. त्या खाली बसल्या.

"ऊर्मिला, त्या दिवशीही मी तिचा हात सोडला गं. पर्स धरायला. दोन्ही हातांनी पर्स धरली मी. पोर रस्त्याच्या कडेला तशीच. मागून गाडी आली असती तर? मी कुणाला सांगितलं नाही."

मला राग आला. पर्ससाठी माझी मुलगी सोडली? ओठांवर आलं होतं, तेवढ्यात लक्षात आलं. एवढे दिवस ही बाई चोराला घाबरली नव्हती. स्वतःला घाबरली होती, आणि आम्ही तिला खिसे दाखवत होतो.

रुपेश काही बोलणार होता. मी हातानेच थांबवलं.

"आई, उठा," मी म्हणाले. "खिसा उसवा. डाव्या बाजूला शिवा."

"मला डाव्याने नाही जमत गं."

"मग शिका. उजवा हात इराचा आहे." मी इराचा हात त्यांच्या हातात दिला. "उद्या तुम्हीच किंडरगार्टनला नेणार आहात तिला."

आईंनी खिसा उसवून डावीकडे शिवला. मग उजव्या हाताने इराचा हात पुन्हा घट्ट धरला. मी पुन्हा चोर झाले. डावीकडून पाणी माझ्या कानावर, भिंतीवर, रुपेशच्या चहात, सगळीकडे गेलं. अकरा वेळा चुकलं. अकराही वेळा इराचा हात सुटला नाही.