दसऱ्याच्या पाटावरची बंदूक

दाजींकडे बंदूक होती, पण तिचा माज नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लोक भलतंच चित्र डोळ्यांपुढे आणतात, पिळदार मिशा आणि छातीवर पट्टा वगैरे. छे हो! कोपरच्या खाडीकडच्या कोळीवाड्यातला हा सुकट अंगाचा माणूस, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या चपलांकडे बघायची सवय.

बंदूक बापाची होती, एकनळी, बारा बोअरची. बापानं ती घेतली तेव्हा खाडीत मासळी होती, आणि जाळी कापून नेणारे चोरही होते. मग कारखान्यांचं पाणी खाडीत उतरलं. मासळी गेली, आणि मग चोर तरी काय चोरणार डोंबलाचं! राहिली ती बंदूक. पण तिनंच दाजींच्या घरची चूल पेटती ठेवली, हेही खरं. डोंबिवलीतल्या एका बँकेला स्वतःची लायसनची बंदूक असलेला गनमॅन हवा होता. दाजी त्या दारात उभे राहिले, ते थेट निवृत्त होईपर्यंत. एवढ्या नोकरीत त्यांनी एक बार काढला नाही.

आणि शिस्त म्हणाल तर विचारू नका. बंदूक पलंगाखालच्या ट्रंकेत, काडतुसं स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर कुलूप लावलेल्या डब्यात, आणि दोन्ही किल्ल्या दाजींच्या करगोट्याला. लायसन नवं करायला गेले की पोलीस ठाण्यात ठरलेला प्रश्न यायचा, "काडतुसं कुठं ठेवता?"

"वेगळी ठेवतो साहेब. नेहमी वेगळी."

हे उत्तर देताना मात्र दाजी चपलांकडे बघायचे नाहीत. सरळ साहेबाच्या डोळ्यांत बघायचे.

बँकेचे जुने मॅनेजर गुरुदत्त यांच्याशी त्यांचा वाद होता तो यावरूनच. वाद कसला, चहाबरोबरची कुरबुर. कुठं कुणी रागाच्या भरात गोळी झाडल्याची बातमी आली की गुरुदत्त पेपर पुढे सरकवायचे. "दाजी, बँकेच्या दारात बंदूक असावी, हे मला मान्य आहे. पण घरात कशाला? शिस्त तुम्हाला आहे, घरातल्या सगळ्यांना आहे का?"

"साहेब, बंदूक आपण होऊन उडत नाय. माणूस नीट पायजे."

"सगळे तेच म्हणतात हो. ज्याच्या घरात काही झालं, तोही आदल्या दिवशी तेच म्हणत होता."

दाजी हसायचे आणि बशी तोंडाला लावायचे. आपल्या बंदुकीनं कुणाला ओरखडा काढला नाही, ही त्यांच्या आयुष्याची कमाई होती. दुसरी कमाई त्यांना नव्हती, हे तेही जाणून होते.

निवृत्तीनंतर बंदुकीचं करायचं काय, यावरून घरात ठिणग्या पडायला लागल्या. मुलगी मेघाली ठाण्याच्या एका दवाखान्यात नर्स. ती म्हणायची, "बाबा, जमा करा ती. गोळी लागलेलं माणूस तुम्ही बघितलेलं नाय, मी बघितलंय." पुतण्या प्रणितचं म्हणणं उलटं. प्रणित म्हणजे दाजींच्या वारलेल्या भावाचा मुलगा, दाजींच्या बायकोच्या, मंजुळाकाकीच्या मांडीवर वाढलेला. हा आता जमिनीच्या दलालीत पडलेला, गळ्यात साखळी, हातात कडं. "काका, माझ्या नावावर करा ना. आपल्या धंद्यात बंदूकवाला बोलला की चार लोक सरळ बोलतात. सेफ्टीपण होते."

"कुणापासून सेफ्टी रं?" दाजींनी विचारलं.

प्रणित नुसता हसला, आणि त्या हसण्यानंच दाजींचं ठरलं. हा पोरगा वाईट नव्हता, पण याला बंदूक हवी होती ती दाखवायला. दाखवायला घेतलेली बंदूक कधी ना कधी वापरावी लागते, एवढं दाजींना दारात उभं राहून कळलेलं. त्यांनी सांगून टाकलं, "या आठवड्यात पोलीस ठाण्यात जमा करतो. विषय संपला."

तेव्हा मंजुळाबाई आडव्या आल्या. बिचारीच्या मनात काही वाईट नव्हतं. "दसरा तोंडावर आलाय. सासऱ्यांच्या हातची वस्तू, तिला काय बिनपूजेची घराबाहेर काढताव? शेवटची पूजा होव द्या, मग न्या."

मेघाली चिडली. "आई, चार दिवसांनी काय फरक पडतो?"

"तेच मी बोलतंय गो. चार दिवसांनी काय फरक पडतो?"

दाजींनाही आतून तेच हवं होतं.

दसऱ्याला सकाळी पाट मांडला. त्यावर कोयता, वल्हं, जाळ्याचा एक तुकडा, आणि मधोमध बंदूक. बंदुकीशेजारी काडतुसं. ही बापाची रीत होती. शस्त्र पुजायचं तर दाण्यासकट, नुसती नळी काय पुजायची! आणि एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाटावरचं काही हलवायचं नाही. इतकी वर्षं हे असंच चाललेलं. त्या दिवशी ट्रंक उघडी, डबा उघडा, आणि किल्ल्या करगोट्याला उगाच लटकलेल्या. दाजींना त्यात कधी काही खटकलं नाही. देवापुढची वस्तू ती, तिला कोण हात लावणार?

दुपारी जेवण करून दाजी सोनं द्यायला गुरुदत्तांकडे गेले. त्यांच्या पत्नी सुमतीवहिनींनी आपट्याची पानं देवापुढं ठेवली आणि चहा टाकला. दाजी आज खुशीत होते. "साहेब, तुम्ही जिंकलात. उद्या सकाळी बंदूक जमा करतोय."

गुरुदत्त खुर्चीतून उठलेच. त्यांनी दाजींचे दोन्ही हात हातात घेतले. "वा! खरं सोनं दिलंत आज. मला फार काळजी वाटायची हो तुमची, बोलून दाखवत नव्हतो इतकंच." मग सहज, नुसतं बोलायचं म्हणून विचारलं, "आता कुठं आहे? ट्रंकेत?"

"पाटावर. पूजेला."

"आणि काडतुसं?"

दाजींनी तोंड उघडलं. उत्तर जिभेवर तयार होतं, पण ते बाहेर येईना. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. घरी प्रणित होता. त्याचे मित्र सोनं लुटायला येणार होते. हे सगळं त्यांना सकाळपासून माहीत होतं. पण एकत्र जोडून त्यांनी ते आत्ता पाहिलं.

"साहेब, मी निघतो," ते म्हणाले आणि उठले. चपला घालताना फोन वाजला. शेजारची हेमा होती. "दाजी, लवकर या. मंजुळावहिनीला लागलंय."

झालं होतं ते असं. मित्रांपुढं प्रणितला बंदुकीबरोबर शेवटचा व्हिडिओ काढायचा होता. नुसती धरून मजा येईना, म्हणून काडतूस भरून नळी बंद करायचा तो खट्ट आवाज हवा होता. मंजुळाबाई आतून धावत आल्या. "अरे मुडद्या, पूजेची वस्तू हाय ती, उद्यापर्यंत हलवायची नाय!" म्हणत त्यांनी नळीला हात घातला. प्रणितनं मागं ओढली. बस, एवढंच. भांडण नाही, वैर नाही, दारू नाही. मेघाली ठाण्याहून इथल्या दवाखान्यात पोचली तेव्हा तिच्या हातांना करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. ती बापाला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं दाजींना वाटलं.

वाड्यातल्या जाणत्यांनी दाजींना बाजूला घेतलं. "बाई गेली, आता पोराला तरी वाचवा. पाटावरून पडून उडाली म्हणा." प्रणित कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसलेला, काकी काकी करत हमसून रडत होता. दाजींना त्याचा राग येईना. राग यायला पाहिजे होता, पण तो ज्याचा यायला हवा तो माणूस त्यांना आरशातच दिसला असता.

पोलीस ठाण्यात टेबलावर बंदूक ठेवलेली होती. कुंकू अजून तसंच होतं, घोड्याच्या खाचेत झेंडूची एक पाकळी अडकलेली. साहेब नवा होता, पण मऊ बोलत होता. त्यानं पाणी दिलं, खुर्ची दिली.

"पाटावरून पडली का?"

"नाय साहेब," दाजी म्हणाले. "पोरानं भरली. पण त्याच्या हाताशी मीच ठेवलेली."

साहेबानं ते लिहून घेतलं. मग त्यानं पुढचा प्रश्न विचारला. "काडतुसं कुठं ठेवत होता?"

दाजींची मान सवयीनं वर झाली. डोळे सवयीनं साहेबाच्या डोळ्यांना भिडले.

"वेगळी ठेवतो साहेब. नेहमी वेगळी."

आणि मग त्यांची नजर हळूहळू खाली उतरली, टेबलावरून साहेबाच्या बुटांपर्यंत.

"दसरा सोडून," ते म्हणाले.