ऑफिस आमच्याकडे, रविवार तिच्याकडे

आक्का गेली ती रविवारी, दुपारच्या चहाच्या वेळी, निपाणीत, आणि तिच्या उशाशी माझा मुलगा सन्मती होता. फोन त्याचाच आला. "आई... मावशी गेली," एवढं बोलला आणि रडायला लागला. सख्ख्या थोरल्या बहिणीच्या मरणाची बातमी कानात शिरत होती आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? हा माझ्यासाठी असा रडेल का... असलं लिहू नये म्हणतात, पण आलं ते आलं. आमच्या ह्यांनी गाडी काढली. बेळगाव ते निपाणी, सगळ्या हायवेवर मी एक शब्द बोलले नाही. ह्यांना वाटलं, दुःखानं गप्प आहे. दुःख होतंच. पण सुलोचनाआक्कावर मी आयुष्यभर जळत आले, आणि माणूस गेलं म्हणून ती सवय काही टोलनाक्यावर सोडून देता येत नाही.

आक्काबद्दल चार शब्द लिहा, असा आग्रह मला तिच्या चाहत्यांनी केला, आणि हे चाहते कुठले, तर बेळगावचे. तेच तर माझं दुखणं आहे. आम्ही चिकोडीजवळच्या एका जैन शेतकऱ्याच्या दोन मुली. वर्गात पहिली मी यायचे, गाणी मी म्हणायचे, पण घरी पाहुणा आला की विचारायचा, "थोरली कुठं हाय?" थोरली पदराला हात पुसत चुलीपुढून उठून यायची, त्याच्याजवळ नुसती बसायची, आणि पाहुणा निघताना निरोप तिचाच घ्यायचा. पुढे तिला निपाणीत तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे दिलं आणि मला बेळगावात वकिलाकडे. तेव्हा वाटलं, एकदाची वरचढ ठरले. तिच्या घरात पाऊल टाकलं की वखारीतल्या तंबाखूच्या धुळीनं, त्या खकाण्यानं, शिंका सुरू व्हायच्या. मी नाकाला रुमाल लावून तिला कॅम्पातल्या बेकऱ्या, इंग्रजी शाळा, गार हवा असं सगळं ऐकवायचे. "व्हय गं, तुझं बेळगाव लई झाक," म्हणायची. त्यात टोमणा शोधायचा मी खूप प्रयत्न केला. सापडायचा नाही, मग त्याचाच राग यायचा. तिला मूल झालं नाही, भावजीही लवकर गेले. त्या एका बाबतीत मात्र मला तिचा हेवा करायची गरज नव्हती. सन्मती माझा होता.

मग ती कंपनी आली. शेतीची यंत्रं बनवणारी मोठी कंपनी आपलं मुख्य ऑफिस पुण्यातून हलवणार, अशी बातमी फुटली आणि या पट्ट्यातल्या शहरांना उपवर मुलींच्या बापांसारखी घाई झाली. कोल्हापूर धावलं, हुबळी धावली, आमचं बेळगाव तर कुंद्याचा डबा घेऊन दारातच उभं. आणि निपाणीनंही हात वर केला! म्हणे, आम्ही हायवेवर, दोन्ही राज्यांच्या उंबऱ्यावर. मी पोट धरून हसले होते. बेळगावच्या व्यापाऱ्यांच्या समितीत वकील म्हणून आमचे हे होते. स्वागताच्या फलकावर मराठी वर की कन्नड वर, यावर बैठकांमागून बैठका झाल्या आणि शेवटी फलक इंग्रजीत छापून सगळे मोकळे झाले. ह्यांच्या भाषणांत विकास, विमानतळ, हवामान असं बरंच असायचं. माझ्या मनात एकच होतं. सन्मती बंगळूरला नोकरीला होता, दिवाळीला तेवढा यायचा, आणि ही कंपनी नेमकी त्याच्या कामाची होती. "ऑफिस बेळगावला आलं तर मी येतो, आई," असं तो फोनवर म्हणाला होता. त्या एका शब्दावर मी कंबर कसली. गावकऱ्यांना ऑफिस हवं होतं, मला माझा मुलगा परत हवा होता.

कंपनीचे मोठे साहेब, त्यांच्या पत्नी वृंदाताई आणि काही अधिकारी गावं बघायला निघाले. पुण्याकडून येताना आधी निपाणी लागते. तिथल्या समितीनं चहापाणी आक्काच्या अंगणात ठेवलं, आणि रात्रीचं जेवण आमच्याकडे ठरलं. आता आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, चूल पेटवायचं तर नावच नको. पण साहेबलोक रात्री जेवणारे. मी म्हटलं, मुलासाठी एक दिवस चालतंय. मांडे करणारीला घरी बोलावलं, मसालेभात केला, दिवे लावून ताटं मांडली. पाहुणे आले, ताटांकडे पाहिलं, आणि साहेब ओशाळून म्हणाले, "निपाणीच्या आक्कांनी जेवल्याशिवाय सोडलंच नाही हो." वृंदाताईंनी माझ्या मांड्याचा चिमूटभर तुकडा मोडला आणि आक्काच्या अंबाड्याच्या भाजीचं कौतुक सुरू केलं. माझ्या टेबलावर, माझ्यासमोर! नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळलं.

सकाळ होताच मी फोन लावला. "चहा ठरलाता न्हवं? जेवायला का घातलीस?"

"अगं, दिस कलला होता," आक्का म्हणाली. "तुझ्या दारात पोचंपर्यंत अंधार. तू काय अंधारात चूल पेटवणार हाईस व्हय? म्हटलं, माणसं तुझ्याकडं उपाशी झोपतील, तुला नाव ठेवतील. म्हणून जेवायला घालूनच धाडलं."

रात्री चूल पेटवली होती, हे तिला सांगायची सोय नव्हती. उलट मलाच म्हणावं लागलं, "बरं केलंस गं, आक्का." फोन ठेवला आणि उरलेले मांडे शेजारीपाजारी वाटून टाकले.

तरी जिंकलो आम्हीच. ऑफिस बेळगावला आलं, फटाके वाजले, सन्मती बंगळूर सोडून घरी आला. मी कुंदा घेऊन निपाणीला गेले. तिचं तोंड गोड करायला म्हणून, पण खरं तर पडलेलं तोंड बघायला. आक्कानं शांतपणे कुंदा खाल्ला. "आम्हास्नी काय करायचंय हापीस?" म्हणाली. "पोरगं जवळ आलं तुझं, ते झाक झालं." तोंड काही पडलेलं नव्हतं. मी आले तशी परतले.

आणि मग रविवार सुरू झाले... आधी वृंदाताई मिरच्या आणायच्या निमित्तानं निपाणीला गेल्या. पुढे निमित्तही लागेनासं झालं. मग साहेब, मग अधिकाऱ्यांच्या बायका. पुण्याहून येऊन आमच्या कॅम्पात बंगले घेतलेली ही माणसं रविवारी गाड्या काढून तंबाखूच्या खकाण्यात भाकरी खायला जायची. तेही सोसलं असतं. पण त्यांच्यामागोमाग सन्मतीही जायला लागला. आठवडाभर तो ऑफिसात, रविवार तेवढा माझा, आणि सकाळी अंघोळ झाली की, "मावशीकडं जाऊन येतो." शहर मी जिंकून आणलं, आणि ही आयत्या बिळावर नागोबा! एकदा त्याला विचारलंच, "काय आहे रे तिथं?" तो म्हणाला, "काही नाही गं. मावशी काही विचारत नाही, एवढंच." म्हणजे मी विचारते. पगार वाढला का, साहेब काय म्हणाले, मुली बघायच्या की नाही... आईनं नाही विचारायचं तर कुणी?

शेवटी मी आक्कालाच फोनवर सुनावलं. "शहर माझं जिंकलं आणि रविवार तुझ्याकडं, हा कुठला न्याय?" ती हसली. "मग तू बी ये की. भाकरी काय कमी पडत्यात व्हय?" मी गेले नाही. माझ्या मुलाला भेटायला मी तिच्या दारात पाहुणी म्हणून जाणार नव्हते. तिच्या अंत्यविधीला मात्र गेले. निपाणीच्या त्या गल्लीत कंपनीच्या गाड्यांची रांग लागली होती, वृंदाताई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होत्या. मुख्य ऑफिस त्या दिवशी निपाणीतच होतं म्हणा ना.

गेल्या आठवड्यात तिचं घर आवरायला एकटीच गेले. वखारीवरच्या माडीत एका खोलीला कुलूप होतं. जुडग्यातली एक किल्ली लागली. आत भिंतींना नवा रंग, सन्मतीच्या उंचीचा लांब पलंग, गादीवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नाही. भिंतीवर त्याचा पदवी घेतानाचा फोटो, खिडकीशी मोठं टेबल. मी दारातच उभी राहिले. ऑफिस निपाणीला आलं असतं तर सन्मती या खोलीत राहिला असता. आम्हास्नी काय करायचंय म्हणणारी बाई! तीही माझ्यासारखीच लढत होती, त्याच एका मुलासाठी, आणि हरल्यावर खोलीला कुलूप घालून माझ्यासमोर बसून कुंदा खात होती. म्हणजे तीही माझ्यावर जळत होती... इतकं बरं वाटलं मला, इतकं बरं वाटलं, की त्या प्लॅस्टिकवर बसून मी पोटभर रडले.

डोळे पुसले तेव्हा टेबलावरच्या दिव्याकडे लक्ष गेलं. तो उजव्या बाजूला पक्का बसवलेला होता. सन्मती डावखुरा आहे, यंत्रांची चित्रं अजून हातानं काढतो. दिवा डावीकडे असला की त्याच्याच हाताची सावली कागदावर पडते. माझ्या घरी तो शाळेत असल्यापासून दिवा डावीकडे आहे. इतक्या वर्षांत तो एकदाही काही बोलला नाही, आणि एवढे प्रश्न विचारणाऱ्या मला हा एक कधी सुचला नाही.

घरी येऊन त्याच्या टेबलाशी उभी राहिले. उजवीकडे प्लगच नाही. वायरमनला बोलावलं आहे, रविवारी, सन्मती घरी असताना. तो विचारेल, "आई, हे तुला कसं सुचलं?" सुचलं, म्हणेन. आक्काचं नाव घेणार नाही.