‘करतो की!’ आणि गॉर्टाबॉयची बस

नोंद राहावी म्हणून लिहितो. सोमवार, चार फेब्रुवारी रोजी डब्लिनच्या संसद-कार्यालयातील माझे खिडकीजवळचे टेबल मला न विचारता काढून घेण्यात आले. ते मिनेसोटाहून आलेल्या कॉरिन हॅल्वरसन नावाच्या, पदवीच्या तिसऱ्या वर्षातील विद्यार्थिनीला देण्यात आले. मी राज्यशास्त्राचा द्विपदवीधर, खासदार हेनेबरी यांचा संशोधन-साहाय्यक. तेव्हापासून छपाईयंत्राशेजारी बसतो. यंत्र गरम होते आणि मीही.

हा निर्णय आमच्या कार्यालयाची सर्वेसर्वा, नोरीन टूमी हिचा. मी हरकत घेतली, तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, “फर्गस, तिला उजेड लागतो, ती लिहिते. तू नुसते उसासे टाकतोस. ते अंधारातही टाकता येतात.”

नोरीनविषयी माझ्या तक्रारी पुष्कळ आहेत. तरीही तिच्याविषयी लिहायचे तर खरे लिहिले पाहिजे. ती दक्षिणेतल्या कॉर्क परगण्याकडची, मॅक्रूम शहरापलीकडच्या गॉर्टाबॉय गावची. तरुणपणी डब्लिनला आली ती टंकलेखनाच्या नोकरीवर. त्यानंतर कॉर्कचे खासदार आले, पडले, पुन्हा आले. नोरीन जागची हलली नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी ती आगगाडीने घरी जाते, कारण घरी तिचा थोरला भाऊ डिनी एकटा असतो. दर सत्राला परदेशी महाविद्यालयांतून एखादे पोर संसदेचे काम शिकायला आमच्याकडे येते. अभ्यासक्रमाचे गुण प्राध्यापक देतात. पण त्या पोरांना इथे जगायला शिकवते नोरीन.

“चहा विचारला की आधी नको म्हणायचं,” तिने कॉरिनला पहिल्याच दिवशी बजावले. “पुन्हा विचारला तरी नको. तिसऱ्यांदा घ्यायचा.”

“आणि तिसऱ्यांदा विचारलंच नाही तर?”

“तर त्या घरात परत पाऊल टाकायचं नाही, पोरी.”

एवढे शिकवणारी नोरीन एक धडा मात्र विसरली. कॉर्ककडचा माणूस एखाद्या विनंतीवर “करतो की!” असे सुरात म्हणाला, तर त्याचा अर्थ ‘मेलो तरी करणार नाही’ असा होतो. नोरीनला तो धडा वाटलाच नसावा. आपण श्वास कसा घेतो, हे कोणी कोणाला समजावून सांगत नाही.

त्या हिवाळ्यात गॉर्टाबॉयची बस बंद झाली होती. डिनीची नजर अधू झाल्यामुळे त्याचा वाहन-परवाना आधीच गेला होता. दवाखाना, दुकान, पत्त्यांचा अड्डा, सगळे मॅक्रूमला. बस सुरू झाली नाही तर उन्हाळ्यापर्यंत घर विकून तो मॅक्रूमच्या वृद्धाश्रमात जाणार, असे ठरले होते. नोरीन याविषयी कार्यालयात अवाक्षर काढत नसे. फक्त सोमवारी परतली की टंकयंत्र बडवावे तसा संगणकाचा कळफलक बडवी. मी त्या बसवर एक विस्तृत टिपण तयार केले होते. ते कोणीही वाचले नाही. हीदेखील नोंद असावी.

मार्चमध्ये एके दुपारी उपाहारगृहाच्या रांगेत कॉरिनच्या पुढे परिवहन राज्यमंत्री जेरी कॉटर उभे होते. तेही कॉर्कचेच. गॉर्टाबॉयकरांची तक्रारपत्रे रोज उघडणाऱ्या पोरीने सरळ विचारले, “साहेब, गॉर्टाबॉयची बस पुन्हा सुरू कराल का?”

मंत्र्यांनी बटाट्यांवर रस्सा ओतून घेत म्हटले, “करतो की!”

रांगेतले चार कॉर्ककर खो-खो हसले. कॉरिनला वाटले, आनंदाने हसले.

ती कार्यालयात परतली तेव्हा बंद बसविषयी खासदारांना विचारायला कॉर्कच्या आकाशवाणीचा फोन वाजत होता. खासदार मतदानात अडकलेले, नोरीन टपालखोलीत. पोरीने फोन उचलला आणि थेट प्रक्षेपणात सांगून टाकले, “मंत्री मला स्वतः म्हणाले, बस सुरू करतो!”

मी तत्काळ खुलाशाचा मसुदा लिहायला घेतला. तेवढ्यात नोरीन आली. सगळे ऐकल्यावर तिने कॉरिनला एकच विचारले, “तो नेमकं काय म्हणाला?”

“करतो की.”

नोरीनने माझ्या मसुद्यावर बोट ठेवले. मग मला म्हणाली, “कागद फाड.”

“अगं, त्याचा अर्थ तुला ठाऊक आहे!”

“अर्थ मतदार काढतील. आपण शब्द जसेच्या तसे द्यायचे. तूच ना शिकलेला?”

तासाभरात मंत्री दार ढकलून आत आले. “नोरीन, काय चालवलंयस हे? मी ‘करतो की’ म्हणालो होतो!”

“तेच तर सांगितलं तिनं.”

“अगं, पण तसं नाही गं… तसं!”

“मग जा ना रेडिओवर, जेरी. सांग लोकांना, परक्या देशातून शिकायला आलेल्या पोरीची मी थट्टा करत होतो, म्हाताऱ्यांना बस कसली देतोय मी! तुझी आईही ऐकेल, तो कार्यक्रम ती चुकवत नाही.”

मंत्री खुर्चीत बसले. नोरीनने चहा विचारला. त्यांनी नको म्हटले. तिने दुसऱ्यांदा विचारलेच नाही.

ईस्टरनंतर बस सुरू झाली, मंगळवारी आणि शुक्रवारी. कॉरिनला सारा प्रकार उशिरा उमगला. ती कानापर्यंत लाल झाली आणि मग हसत सुटली. मे महिन्यात मी तिला विचारले, जाताना माझे टेबल रिकामे करून देणार ना? “देते की!” ती म्हणाली, अगदी कॉर्कच्या सुरात. नोरीन हसता हसता खोकू लागली. निरोपाच्या दिवशी मात्र तीच नोरीन त्या पोरीला पोटाशी धरून बराच वेळ उभी होती.

आता मुद्द्याचे. बस केवळ चाचणीपुरती आहे. ऑक्टोबरात प्रवासी मोजून निर्णय होणार आहे. मागच्या शुक्रवारी मी स्वतः तिच्यातून गेलो. आत चालक होता, डिनी होता आणि मी. डिनी पुढच्या बाकावर इस्त्रीचा सदरा घालून बसला होता आणि प्रत्येक थांब्यावर चालकाला “जरा थांब, कोणीतरी येईल,” म्हणत होता. घर विकायचे की नाही, ते अजून ठरलेले नाही.

ज्या साप्ताहिकासाठी मी हे लिहितो आहे, ते मॅक्रूमच्या आसपासच वाचले जाते. बस सुरू झाली तेव्हा टाळ्या तुम्हीच वाजवल्यात आणि आपापल्या मोटारीत बसून घरी गेलात. तर माझी मागणी अशी: येत्या मंगळवारी मोटार अंगणात राहू द्या, थांब्यावर उभे राहा आणि तिकीट काढून त्या बसमध्ये बसा.